ठेकेदाराचे १५ टक्के

प्लॉट घेऊन झाला, नकाशा मंजुरीला गेला, की घरात एक हिशेब सुरू होतो. सामानासकट काम दिले तर ठेकेदार चौरस फुटाला एक दर सांगतो. सिमेंट, सळई, वीट, वाळू, खडी यांचे भाव दुकानांत विचारून आणि मिस्त्रीचा लेबर रेट धरून तोच हिशेब घरी मांडला की आकडा बराच खाली येतो. मधला फरक ठेकेदाराच्या खिशात जातो, मग तो आपल्याच खिशात का राहू नये? तालुक्याच्या गावांत आणि शहरांच्या कडेने वाढणाऱ्या वस्त्यांत कितीतरी स्वतंत्र घरे याच हिशेबावर उभी राहतात. मालक सामान आणून टाकतो, मिस्त्री आपली माणसे घेऊन मजुरीने काम करतो, आणि प्लंबर, वायरमन, फरशीवाला, रंगारी यांच्याशी वेगवेगळे ठरते. मालक स्वतःच ठेकेदार होतो. हा निर्णय बरेचदा योग्य असतो, पण तो ज्या कारणासाठी घेतला जातो ते कारण लंगडे आहे. पैसे वाचवायला ठेकेदारी हातात घेणाऱ्याचे फारसे पैसे वाचत नाहीत. त्याला मिळू शकते ती दुसरीच गोष्ट: बांधणारा आणि तपासणारा ही दोन माणसे वेगळी ठेवण्याची मुभा. बहुतेक मालक नेमकी तीच सोडून देतात.

आधी पैशांचे पाहू. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या दरांचे जे पृथक्करण करतो त्यात सामान आणि मजुरीवर ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतो. खासगी कामात हा आकडा कमीजास्त होईल, पण विचाराला टेकू म्हणून तो चांगला आहे. त्यातला ‘वरखर्च’ हा शब्द वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. समजा घर सामानासकट २३ लाखांना ठरले, तर त्यातले सुमारे ३ लाख या १५ टक्क्यांचे. ते सगळे वाचले असे मालक धरतो. पण साइटवरचा वॉचमन, सिमेंट ठेवायची पत्र्याची शेड, तात्पुरते वीज कनेक्शन, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, मोडलेली घमेली, फुटलेले पाइप, मिक्सरचे भाडे हे सगळे त्यातूनच निघत होते. सामान १३ लाखांचे असेल आणि ठेकेदारापेक्षा केवळ ५ टक्के जास्त नासधूस झाली, तर ६५ हजार तिथेच गेले. काम दोन महिने लांबले तर राहत्या जागेचे भाडे आणि बँकेचे व्याज असे दोन्ही भरावे लागते. करात थोडा फायदा होतो, तो नाकारायचे कारण नाही. स्वतंत्र राहत्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला जीएसटी माफ आहे, तर सामानासकट ठेक्यावर नोंदणीकृत ठेकेदाराला १८ टक्के लावावे लागतात. मात्र सामानावरचा कर मालकालाही दुकानात भरावाच लागतो, म्हणजे वाचतो तो मजुरी आणि नफा यांच्यावरचा कर, आणि तोही ठेकेदार पक्के बिल देणारा असेल तरच. एवढी वजाबाकी झाल्यावर हातात उरते ती रक्कम चांगली असते, पण तिच्यासाठी वर्षभर झोप घालवावी इतकी मोठी नसते.

मग ठेकेदार त्या पैशात नेमके काय करत होता? त्याचे बरेचसे काम दिसतच नाही, कारण ते कोण कोणाच्या आधी येणार हे ठरवण्याचे आहे. स्लॅबचेच घ्या. सेंट्रिंगच्या प्लेटा बसल्या, सळईची जाळी बांधून झाली, की काँक्रीट पडण्याआधी वायरमनने येऊन पाइप आणि पंख्यांचे बॉक्स टाकायचे असतात. त्याला यायला उशीर झाला तर स्लॅब थांबत नाही, कारण मिक्सर, लिफ्ट आणि वीस-पंचवीस माणसे ठरलेली असतात. मग पुढे पाइप भिंतीतून फिरवावे लागतात किंवा नव्या स्लॅबला छिद्रे पडतात. संडास-बाथरूमचा स्लॅब खाली बुडवायचा हे सेंट्रिंगवाल्याला आधी सांगितलेले नसेल तर नंतर उंबऱ्यावर पायरी येते. प्लंबर आणि वायरमन यांनी भिंतीत झिऱ्या मारल्याशिवाय गिलावा करायचा नाही, आणि पाइपात दाब देऊन गळती पाहिल्याशिवाय टाइल लावायची नाही. हा क्रम पुस्तकात सापडतो. कठीण आहे ते त्या त्या दिवशी ती ती माणसे साइटवर आणणे. ठेकेदाराच्या हातात मिस्त्रीसाठी पुढचे काम असते, म्हणून मिस्त्री त्याला नाही म्हणत नाही. मालक हे त्याचे आयुष्यात एकदाचे गिऱ्हाईक. पेरणीला, दिवाळीला, छटपूजेला माणसे गावी जातात आणि परतताना ज्याच्याकडे पुढची तीन कामे आहेत त्याच्या साइटवर आधी उतरतात. मालकाकडे यावर दोनच हत्यारे आहेत. एक, आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी न चुकता देणे. दुसरे, माणसे येण्याआधी सामान जागेवर असणे. विटा आल्या नाहीत म्हणून मिस्त्रीचा एक दिवस बसून गेला, तर दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच साइटवर असतो, आणि त्यात त्याचे चूक म्हणता येत नाही.

इथपर्यंत ठेकेदाराचीच बाजू जड दिसते. पण ठेक्याच्या पद्धतीत एक मूळचे वैगुण्य आहे. जो बांधतो तोच आपले काम तपासतो, आणि घरातल्या ज्या गोष्टींवर त्याचे आयुष्य ठरते त्या दुसऱ्या दिवशी झाकल्या जातात. काँक्रीटमधले पाणी हे त्याचे सर्वांत सरळ उदाहरण. सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त तितकी काँक्रीटची ताकद कमी, हा नियम डफ एब्रॅम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ मध्ये मांडला आणि तो आजही टिकून आहे. आपल्याकडची आयएस ४५६ ही संहिता एम-२० च्या नाममात्र मिश्रणासाठी ५० किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगते, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही हिशेबात घ्यायला सांगते. आता साइटवर काय होते ते पाहा. माल घट्ट असला तर तो घमेल्यातून पटकन सुटत नाही, सळयांच्या गर्दीत जात नाही, व्हायब्रेटर जास्त वेळ धरावा लागतो. मजुरी चौरस फुटाने ठरलेली, म्हणून स्लॅब दुपारी संपला काय आणि रात्री संपला काय, पैसे तेवढेच. अशा वेळी मिक्सरवरचा माणूस आणखी अर्धी बादली पाणी टाकतो. पाच लिटर जास्त गेले तर ताकद साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने उतरते. वरून स्लॅब तितकाच गुळगुळीत दिसतो, उलट जास्तच छान दिसतो. यात मिस्त्रीचा दुष्टपणा नाही. दर ज्या मापाने ठरला त्या मापाला तो प्रामाणिक आहे. ठेकेदारानेही त्याला थांबवण्याचे कारण नाही, कारण त्यालाही काम लवकर उरकायचे आहे.

पाणी मारण्याची गोष्ट उलट्या दिशेने तशीच. त्यात सामान लागत नाही, कौशल्य लागत नाही, फक्त रोज माणूस लागतो, आणि म्हणूनच ते काम कोणाचेच नसते. साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित किंवा स्लॅगमिश्रित सिमेंटला १० दिवस ओलावा ठेवा, हवा कोरडी-उष्ण असेल तर अनुक्रमे १० आणि १४, असे संहिता म्हणते. हल्ली दुकानात मिळणारे बरेचसे सिमेंट पीपीसी म्हणजे राखमिश्रितच असते, पण साइटवर हिशेब अजून ‘आठवडाभर मारा पाणी’ असाच चालतो. स्लॅबवर मातीची आळी बांधून पाणी साठवले जाते, कारण ते दिसते. कॉलम मात्र उभा असल्याने त्याला गोणपाट गुंडाळून दिवसातून अनेकदा भिजवावे लागते, आणि इमारतीचा भार ज्याच्यावर तोच सर्वांत कोरडा राहतो. टेकू काढण्याचेही असेच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस ठेवायचे, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ आणि त्यापुढचे २१. सेंट्रिंगवाल्याच्या प्लेटा आणि जॅक दुसऱ्या साइटवर भाड्याने लागायच्या असतात, त्यामुळे त्याचे कॅलेंडर वेगळे असते.

सळईचा मासला तर आणखी बोलका आहे, कारण तिथे खरेदी मालकाच्या हातात आल्याने फायदाही होतो आणि फसगतही. सळईचे एका मीटरचे वजन काढायला सोपे सूत्र आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम, आणि १२ मीटरचा पूर्ण नग १० किलो ६६० ग्रॅमच्या आसपास. आयएस १७८६ प्रमाणे १० मिलिमीटरपर्यंतच्या सळईला वजनात ७ टक्के, त्यापुढे १६ पर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के कमीजास्त चालते. नगावर सळई घेतली आणि ती हलकी निघाली तर पैसे बुडाले, हे कोणालाही कळते. म्हणून शहाणा मालक वजनकाट्यावर गाडी नेऊन किलोवर घेतो आणि निश्चिंत होतो. पण हलकी सळई किलोवर घेतली तर तेवढ्याच वजनात लांबी जास्त मिळते, पैशाने नुकसान होत नाही, आणि धोका घराच्या अंगात राहतो. डिझाइन करणाऱ्याने बीममध्ये १२ च्या चार सळया धरल्या, त्या चार नगांतच लोखंड कमी आहे. वजनकाटा मालकाची किंमत तपासतो. बीममधले लोखंड तपासायला दोन-तीन सुटे नग लांबी मोजून वेगळे तोलावे लागतात, आणि रिंगांमधले अंतर, जोडाची लांबी, कव्हर ब्लॉक हे काँक्रीट पडण्याआधी डोळ्यांनी पाहावे लागते. कॉलमला ४० मिलिमीटर आणि स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर हवे. तिथे ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला आणि तो माल ओतताना निसटला, तर सळई प्लेटीला टेकते. काही वर्षांनी छताचे पोपडे पडून गंजलेली सळई उघडी दिसते ती बरेचदा त्याच दिवसाची कमाई असते.

आता ठेकेदारी मालकाने घेतल्यावर ही गाठ सोडवता येते. बांधणारे वेगळे, सामान आणणारा वेगळा, मग तपासणारा तिसरा नेमता येतो, आणि त्याचे पैसे काम लवकर संपण्यावर अवलंबून नसतात. पण होते असे की वाचवण्याच्या ओघात मालक ते कामही स्वतःकडे घेतो. इंजिनिअर आहे की, नकाशा त्यांनीच पास करून दिला, असे तो म्हणतो. नकाशा मंजूर करून देणाऱ्या इंजिनिअरची देखरेख नगरपालिकेच्या कागदावर असते. त्याला दिलेली फी मात्र नकाशा, आरसीसी डिझाइन आणि फाइल यांची असते. साइटवर येण्याचे त्याच्याशी वेगळे ठरवून वेगळे पैसे द्यायला हवेत. त्याच्या भेटींची वेळही घटनांना बांधलेली हवी: फुटिंगचा खड्डा खोदून कठीण थर लागला तेव्हा, जोत्याच्या बीमची सळई बांधल्यावर, प्रत्येक मजल्याच्या कॉलमच्या सळया झाल्यावर, आणि प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी. त्याची सही झाल्याशिवाय मिक्सर सुरू होणार नाही हे मिस्त्रीला पहिल्या दिवशी सांगून ठेवायचे. स्लॅबच्या दिवशी १५ सेंटिमीटरचे क्यूब भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून घ्यायचे. हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला नुसते काँक्रीट सुमारे १२ घनमीटर, बीम धरून जास्तच. ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने आणि १६ ते ३० ला तीन, प्रत्येकी तीन क्यूब, असे संहितेचे प्रमाण आहे. खर्च किरकोळ. क्यूब नापास झाला तर स्लॅब तोडता येत नाही, मग उपयोग काय, असे विचारले जाते. उपयोग त्या दिवशीच होतो. क्यूब भरले जाणार हे माहीत असले की अर्धी बादली मिक्सरकडे कमी जाते.

या पद्धतीवरचा सर्वांत खरा आक्षेप नासधुशीचा आहे, आणि तो मला नाकारता येत नाही. सामान मालकाचे असले की ते जपण्यात मिस्त्रीचा काही स्वार्थ उरत नाही. सळईचे तुकडे वाया जातात, विटांची खांडे वाढतात, संध्याकाळी कालवलेला माल तसाच राहतो. सिमेंटची थप्पी भिंतीला टेकून, पंधरा-वीस पोती उंच लावली की खालची पोती दगड होतात. दहा पोत्यांपेक्षा उंच थप्पी नको आणि तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट नको, हे सगळ्यांना माहीत असूनही घडते. त्यावर पहारा ठेवून उपाय होत नाही, मोजून होतो. इंजिनिअरकडून सळईच्या कटिंगचा तक्ता घ्यायचा आणि तेवढीच सळई टप्प्याटप्प्याने आणायची. एका ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत, किती काम निघायला हवे हे आधी ठरवायचे. शिल्लक राहिलेल्या सामानाचा थोडा हिस्सा मिस्त्रीला बक्षीस म्हणून द्यायचा, यात कमीपणा मानू नये. ठेकेदारही सामान वाचवतो, पण त्याची बचत बीममधून झाली की वाया जाणाऱ्या तुकड्यांतून, हे त्याच्याशिवाय कोणाला कळत नाही. मालकाच्या साइटवर वाया गेलेले निदान अंगणात पडलेले दिसते.

दुसरा वाद मोजमापाचा, आणि यात जितकी मने दुखावतात तितकी सामानावरून नाही. मजुरीचा दर चौरस फुटाला ठरतो, पण कशाचा चौरस फूट? स्लॅबचा की भिंतीच्या बाहेरून मोजलेल्या बांधकामाचा? छज्जे धरायचे का, जिना एकदा मोजायचा की प्रत्येक मजल्याला, वरची टाकी, पॅरापेट आणि कंपाउंड त्यात आले की वेगळे, फुटिंगची खोली किती फुटांपर्यंत दरात धरली, आतला-बाहेरचा गिलावा कोणाचा? उक्ते काम द्यायचे असेल तर हे सगळे साध्या कागदावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. उचल किती आणि ती कोणत्या बिलातून कापायची हेही त्याच कागदावर. वाळूच्या प्रत्येक खेपेला वाहतूक परवाना पाहून त्याचा फोटो ठेवावा, कारण विनापरवाना वाळू तुमच्या दारात सापडली तर दंडाची नोटीसही तुमच्याच नावाने येऊ शकते.

अपघाताच्या बाबतीत मात्र बहुतेक मालक डोळे मिटून असतात. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने १० लाखांपर्यंतची स्वतःच्या राहण्याची घरे वगळली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा ५० लाखांवर नेली. त्यामुळे छोट्या घराला कल्याण उपकराची झळ लागत नाही. पण दुसऱ्या मजल्यावरून माणूस पडला तर उपकर माफ असण्याने काहीच सुटत नाही. मजूर थेट लावलेला असेल तर मालक तुम्हीच. कामाच्या मुदतीपुरती मजुरांच्या नुकसानभरपाईची विमा पॉलिसी घेणे हा वरच्या ३ लाखांच्या हिशेबात धरायचाच खर्च आहे.

मग हे कोणी करू नये? ज्याला रोज तासभरही साइटवर उभे राहता येत नाही आणि तसे उभे राहणारे पगारी माणूसही ठेवायचे नाही, त्याने. मुंबईत नोकरी आणि कोकणात गावी घर, हे त्याचे नेहमीचे रूप. भाऊ किंवा पुतण्या लक्ष ठेवतो, फोटो येतात, आणि घरच्या माणसाला उलट प्रश्न विचारणे अवघड जाते. जांभ्या चिऱ्याच्या भिंतींचे काम तिथले गवंडी उत्तम करतात, पण स्लॅब जूनच्या आधी टाकायची घाई असते. शिवाय समुद्रकाठच्या खाऱ्या हवेला आयएस ४५६ किमान एम-३० काँक्रीट मागते, आणि घमेल्यांच्या मापाचे नाममात्र मिश्रण एम-२० पर्यंतच चालते. म्हणजे तिथे मिश्रणाचे डिझाइन करून घ्यावे लागते, प्रमाण तोलून घ्यावे लागते. हे दूर बसून होणार नाही. अशा मालकाने सामानासकट ठेका द्यावा, आणि वाचवलेल्या वेळेचे पैसे स्वतंत्र इंजिनिअरच्या भेटींवर घालावेत. तपासणारा वेगळा हवा हे सूत्र ठेका दिला तरी लागू आहेच, फक्त ठेकेदार त्याला नाक मुरडतो.

शेवटचा आक्षेप हमीचा. घर गळले तर ठेकेदाराला धरता येते. मजुरीने केलेल्या कामात प्लंबर फरशीवाल्याकडे बोट दाखवतो आणि फरशीवाला प्लंबरकडे. हे खरे आहे, पण ठेकेदाराची हमी तरी कशावर उभी असते? तुमच्या हातात त्याचे पैसे अडकले असतील तितकी. पूर्ण बिल चुकते झाल्यावर तो फोन उचलतो ते सौजन्य म्हणून. मजुरीच्या कामात हीच गोष्ट वाटून करता येते. एकाचे काम दुसऱ्याने झाकण्याआधी चाचणी घ्यायची आणि ती दोघांच्या देखत घ्यायची. टाइल लावण्याआधी बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचे आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचे. पाइपातला दाब फरशीवाल्यासमोर तपासायचा, गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढायचा, म्हणजे पुढे खिळा कुठे मारायचा नाही हेही कळते. प्रत्येकाच्या बिलातले ५ टक्के अनामत ठेवायचे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, सामान हलले, घरभरणी झाली तरी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याचे आणि प्लंबरचे ते पैसे पहिला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरातच द्यावेत, आणि हे काम सुरू करतानाच त्यांच्या कागदावर लिहिलेले असावे.